कांदाचाळ नव्हे, कागदाचं गोदाम : नाशिकच्या हवेत कागद आणि पुस्तकं कशी साठवावीत

नाशिक जिल्ह्यात साठवण म्हटली की पहिली आठवते ती कांदाचाळ. खालून वारा, बाजूंनी वारा, हवा जितकी खेळेल तितका माल टिकेल. शेड उभारणारा ठेकेदार आणि पुष्कळदा मालकही हाच हिशेब कागदाला लावतो. छपरावर फिरते व्हेंटिलेटर बसतात, भिंतीत वरच्या बाजूला जाळ्या राहतात, शटर दिवसभर उघडं असतं. मग ऑगस्टमध्ये मुखपृष्ठं बाहेरच्या बाजूला वळतात, रिमांच्या कडांना लाटा येतात आणि तळच्या गठ्ठ्यांना कुबट वास सुटतो. कागदाला वारा नकोच असतो. त्याला बारा महिने जवळपास सारखी हवा हवी असते, म्हणून त्याचं गोदाम हे झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यासारखं बांधावं लागतं.

पुढची आकडेमोड ५,००० चौरस फुटांच्या (५० × १०० फूट), २० फूट उंच गोदामासाठी केली आहे. मध्यम प्रकाशक, वितरक किंवा कागद व्यापाऱ्याला एवढी जागा साधारण पुरते.

आधी हवेचा हिशेब

आर्द्रतेची टक्केवारी एकटी पाहिली तर फसगत होते. हवेत प्रत्यक्ष पाणी किती, ते पाहायचं.

जुलैमधली २४ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिच्या एका घनमीटरमध्ये साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. ही हवा गोदामात शिरून २७ अंशांपर्यंत तापली, तरी आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वरच राहते. बुरशीला ६५ ते ७० टक्के पुरेसे असतात. आता एप्रिलची दुपार घ्या : ३९ अंश, १५ टक्के. पाणी फक्त सात ग्रॅमच्या आसपास. आत ३० अंशांवर ही हवा २४ टक्क्यांची होते आणि कागद वाळतो. डिसेंबरची पहाट १० अंश आणि ८० टक्के, म्हणजे ऐकायला दमट. पण पाणी साडेसात ग्रॅमच, आणि आत २४ अंशांवर आर्द्रता ३३ टक्क्यांपर्यंत उतरते.

म्हणून दवबिंदू (हवेतल्या पाण्याचे थेंब ज्या तापमानाला धरू लागतात तो) पाहायचा. नियम असा : बाहेरचा दवबिंदू आतल्या दवबिंदूपेक्षा कमी असेल तेव्हाच हवा आत घ्यायची. दवबिंदू दाखवणारे डिजिटल हायग्रोमीटर मिळतात. एक बाहेर सावलीत लावा आणि तीन आत : जमिनीपासून फूटभर उंचीवर, थप्पीच्या मध्यावर आणि छताखाली. दरवर्षी मे महिन्यात ते तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ओलसर लगदा होईल इतकंच पाणी घाला. हे झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवले, की हायग्रोमीटरने ७५ टक्के दाखवायला हवेत. पाच टक्क्यांनी चुकत असेल तर तेवढी दुरुस्ती धरा, जास्त चुकत असेल तर नवा घ्या.

आतली आर्द्रता ४५ ते ६० टक्के ठेवायची. पण खरं नुकसान चढउतारातून होतं. ओली हवा आधी थप्पीच्या कडांत शिरते. कडा फुगतात, मधला भाग तसाच राहतो आणि कडांना लाटा येतात. कोरड्या हवेत उलट होतं : कडा आवळतात आणि ताव मध्ये खोलगट होतो. दोन्ही प्रकारचे ताव ऑफसेट मशीनवर चुण्या पाडतात, चार रंगांचं रजिस्टर जुळत नाही, म्हणजे रंग नेमके एकमेकांवर बसत नाहीत. लॅमिनेशन केलेल्या मुखपृष्ठाचा कागद आतल्या बाजूने ओल घेतो, वरची प्लॅस्टिकची फिल्म घेत नाही. आतली बाजू वाढते आणि पान फिल्मच्या दिशेने, म्हणजे बाहेर वळतं. बाइंडरला दोष देण्याआधी गोदामाचं रीडिंग बघावं. दिवाळी अंक, दिनदर्शिका आणि डायऱ्यांचा कागद बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर येऊन पडतो आणि छपाईला जातो पाऊस सरता सरता. अख्खा पावसाळा तो तुमच्याच हवाली असतो.

जागा आणि जमीन

शहरात गोदावरीबरोबर नासर्डी (नंदिनी) आणि वालदेवीच्या पूररेषा पाहाव्या लागतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधायचा प्रश्नच नाही, पण कागदासाठी लाल रेषेच्या आतली जागासुद्धा घेऊ नये. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं यावरून नाशिककर पूर मोजतात. सराफ बाजाराच्या बाजूला मात्र नदीकाठ सोडून आतही पाणी येतं, कारण ते नाल्यांतून उलटं फिरतं. तेव्हा नदीचं अंतर पाहिलं तसं जवळच्या नाल्याचं आणि गटाराचं तोंडही पाहा. तळघरात पुस्तकं ठेवू नका, याला अपवाद नाही.

जोतं रस्त्यापासून किमान अडीच-तीन फूट उंच हवं. ट्रकच्या फाळक्याशी जुळवायचं असेल तर धक्का चार फुटांचा करा. पण पुस्तकं निघतात ती छोट्या टेम्पोने आणि कुरिअरच्या गाडीने, त्यांचा तळ बराच खाली असतो. एक धक्का उंच आणि शेजारी एक उताराचा, असं केलं की हमालांच्या पाठी वाचतात.

काळी माती हा मोठा खर्च आहे आणि तो टाळता येत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर थेट ओतलेली फरशी दोन-तीन वर्षांत तडकते. त्या तड्यांतून ओल आणि वाळवी दोन्ही वर येतात. कठीण मुरूम लागेपर्यंत, बहुतेक ठिकाणी एक ते दीड मीटर, माती काढा आणि मुरूम १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलर फिरवून भरा. प्रत्येक थराची घनता प्रॉक्टर चाचणीच्या ९५ टक्के भरली पाहिजे. ही चाचणी ठेकेदार टाळतो. तिच्या अहवालाशिवाय बिल मंजूर करू नका.

भरावाच्या वरच्या पृष्ठभागावर वाळवीप्रतिबंधक द्रावण मारायचं. भारतीय मानक आयएस ६३१३ प्रमाणे चौरस मीटरला ५ लिटर. क्लोरपायरिफॉस २० ईसी वापरत असाल तर एक लिटर औषधाला १९ लिटर पाणी, म्हणजे एक टक्क्याचं द्रावण. आपल्या ४६५ चौरस मीटरला २,३०० लिटरहून थोडं जास्त द्रावण आणि त्यासाठी ११६ लिटर औषध लागतं. कामावर एकूण चाळीस लिटर औषधाचेच कॅन दिसले तर उरलेल्या जागी फक्त पाणी पडतंय. पायाच्या भिंतींना लागून असलेल्या भरावात उभ्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला साडेसात लिटर. हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्या.

त्यावर सोलिंग (दगडांचा थर), १०० मिलिमीटर पीसीसी (साधं, सळईविना काँक्रीट) आणि मग २५० मायक्रॉनचा पॉलिथिन कागद. त्याचे जोड फूटभर एकमेकांवर चढवून टेपने चिकटवायचे. त्यावर जाळी घालून एम-३० काँक्रीटची १५० ते १७५ मिलिमीटर जाडीची फरशी. ओतल्यापासून २४ तासांच्या आत दर चार-साडेचार मीटरवर जाडीच्या पाव भागाइतका काप घ्या, नाहीतर काँक्रीट स्वतःच्या मर्जीने तडकतं. नवी फरशी कित्येक महिने ओल सोडत राहते. माल लावण्याआधी दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी टेप लावून किमान १६ तास ठेवा. खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा काँक्रीट काळसर पडलं तर अजून थांबा.

वजन : इथे सगळ्यांचा अंदाज चुकतो

२३ × ३६ इंची ७० जीएसएमचं (चौरस मीटरला ७० ग्रॅम) ५०० तावांचं रीम पावणेएकोणीस किलो भरतं. त्याच कागदावरचं २०० पानी डेमी पुस्तक मुखपृष्ठासह २३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे हजार प्रतींची आवृत्ती २३० किलो. एका घनमीटर पुस्तकांचं वजन सुमारे ७५० किलो, आर्ट पेपरचं १,२०० किलोपर्यंत. राहत्या घराचा मजला चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधलेला असतो. या हिशेबाने भिंतीपासून भिंतीपर्यंत पुस्तकांची रास केली तर तिची उंची जेमतेम २७ सेंटिमीटर भरते. फ्लॅटच्या एका खोलीत ‘तात्पुरतं’ गोदाम करणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. ग्रंथालयाच्या रॅकच्या दालनासाठी आयएस ८७५ मध्ये २.२ मीटर उंचीपर्यंत चौरस मीटरला ६०० किलो आणि पुढच्या प्रत्येक मीटरला २०० किलो जास्त धरतात. तळमजल्यावरच्या गोदामात पॅलेटवर पॅलेट येतं आणि फोर्कलिफ्टचा भार पुढच्या दोन चाकांवर एकवटतो. तेव्हा तिथे चौरस मीटरला ५ टन धरून फरशीचं डिझाइन करून घ्या.

छप्पर, भिंती, दार

छप्पर सरळ दुपाखी किंवा एकपाखी ठेवा. दोन शेड जोडून मध्ये पन्हळ काढली की गळतीला कायमचं घर मिळतं. ताशी १०० मिलिमीटरची सर आली तर या छपरावरून सेकंदाला १३ लिटर पाणी उतरतं. दोन्ही बाजूंना बाहेरून पन्हळ, प्रत्येकी सहा इंची तीन पाइप, आणि पन्हळीच्या बाहेरच्या काठाला जादा पाणी सांडायची खाच. पाइप चोंदला तर पाणी अंगणात पडावं, आत नको. स्क्रू मारलेल्या पत्र्याच्या रबरी चकत्या उन्हाने कडक होऊन फाटतात. शक्य असेल तर स्टँडिंग सीमचा (उभ्या दुमडीने जोडलेला, वरून स्क्रू नसलेला) पत्रा घ्या, नाहीतर दर मे महिन्यात माणूस छतावर चढवून एकेक स्क्रू पाहायला लावा.

पत्र्याखाली किमान ५० मिलिमीटर इन्सुलेशन हवं आणि त्याचा फॉइलचा थर आतल्या बाजूला, जोड टेपने बंद केलेला. त्याची दोन कामं. पहिलं मे महिन्यातलं : उघड्या पत्र्याखाली वरच्या रॅकमधल्या परफेक्ट बाइंडिंगचा (पाठ गोंदाने चिकटवलेल्या पुस्तकांचा) गोंद मऊ पडतो आणि थप्पीच्या दाबाने पाठ वाकडी होते. दुसरं काम थंडीतलं. निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षाही गार होतो, आतल्या हवेतलं पाणी त्याला धरतं आणि पहाटे थेंब थेंब थप्पीवर पडतं. पाऊस नसताना माल भिजलेला सापडला तर गळती शोधण्यात दिवस घालवू नका, हा पत्र्याचा घाम आहे. उजेडाचे पारदर्शक पत्रे फक्त धक्क्यावर लावा. साठ्यावर ते गळतातही आणि न्यूजप्रिंट पिवळाही पाडतात. फिरते व्हेंटिलेटर नकोतच, आधीच बसलेले असतील तर खालून बंद होणारी झडप लावा.

पाऊस मारतो पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून, दुपारचं ऊनही तिकडचंच. त्या बाजूला एकही झरोका ठेवू नका, भिंत नऊ इंची आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली. धक्का पूर्वेला किंवा उत्तरेला, त्यावर १२ ते १५ फुटांचं छत. शटरच्या आत आणखी एक दार देऊन मध्ये चार-पाच मीटरचा आडोसा काढा आणि आतल्या दाराला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावा. ही जागा वाया गेल्यासारखी वाटते. ती वाया का नाही, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

डिह्युमिडिफायर सगळ्यात शेवटी

गोदामात २,८०० घनमीटर हवा आहे. जुलैमध्ये बाहेरची हवा आत आली की ५५ टक्क्यांवर राहण्यासाठी प्रत्येक घनमीटरमागे साडेपाच ग्रॅमच्या आसपास पाणी काढावं लागतं. तासाला सगळी हवा एकदा बदलत असेल, म्हणजे शटर उघडं असेल, तर रोज सुमारे ३६० लिटर. फटी बुजवून हा दर पाव केला तर ९० लिटर. आडोसा आणि नीट बसणारी दारं यांनी तो दहावा हिस्सा केला तर ३६ लिटर. यंत्र तेच, बिलात दहापट फरक.

यंत्र घेताना एक गोष्ट विचारा : लिहिलेली क्षमता कोणत्या हवेत मोजलेली आहे? बहुतेकांची ३० अंश आणि ८० टक्क्यांवर मोजलेली असते. तुमच्या २७ अंश आणि ५५ टक्क्यांवर ते यंत्र साधारण निम्मंच पाणी काढतं. ओल्या कागदाला यंत्र पुरत नाही, हेही लक्षात घ्या. २३० टन साठ्यातला ओलावा एक टक्का कमी करायचा म्हणजे २,३०० लिटर पाणी काढायचं. म्हणून ओला माल दारातच अडवायचा.

कसारा घाटातून किंवा पेठ मार्गे येणारा ट्रक जून ते सप्टेंबर धुवाधार पावसातून येतो. ताडपत्री काढण्याआधी गाडी छताखाली घ्या आणि ताडपत्रीवरचं पाणी झटकून घ्या. पात्याचा हायग्रोमीटर रिमांच्या थप्पीत खुपसून रीडिंग घ्या. ६५ च्या पुढे दाखवलं तर माल आडोशातच वेगळा ठेवा आणि चलनावर तसं लिहून ड्रायव्हरची सही घ्या. रिळांचं किंवा रिमांचं वेष्टन मशीनवर चढवायच्या दिवसापर्यंत फाडू नका. छपाईचं दालन वातानुकूलित असेल तर वेष्टनासकट २४ ते ४८ तास तिथे ठेवून मगच उघडा.

मांडणी

वाटा, आडोसा आणि भिंतीची अंतरं सोडली की या जागेत १ × १.२ मीटरची सुमारे १५५ पॅलेट जमिनीवर बसतात. एकावर एक दोन ठेवली तर ३१०, प्रत्येकी ७५० किलोच्या आसपास. हातपॅलेटला वाट दोन मीटर पुरते, फोर्कलिफ्टला साडेतीन ते चार मीटर. माल भिंतीपासून दोन फूट लांब, जमिनीपासून सहा इंच वर. भिंतीजवळची ती बोळ कायम मोकळी हवी : वाळवीची मातीची रेघ तिथेच दिसते, आणि भिजलेली रिळं फुगून भिंतीला रेटतात तेव्हा तीच जागा कामी येते.

मराठी पुस्तकांची आवृत्ती बहुधा पाचशे-हजारांची, शीर्षकं मात्र शेकडो. त्यामुळे अर्ध्या जागेत पॅलेटपेक्षा स्लॉटेड अँगलची रॅक सोयीची. तीन फूट बाय दीड फुटाच्या फळीवर सव्वा फूट उंच पुस्तकं रचली की १२० किलोच्या आसपास होतात. फळी किमान १५० किलोची मागा. रॅकचे पाय फरशीला आणि माथे एकमेकांना बोल्टने जखडा.

खोकं पाच प्लायचं, भरल्यावर १२ ते १५ किलोचं. हमाल दिवसभर उचलू शकेल आणि तळ फाटणार नाही, ही मर्यादा. खोकी एकावर एक, कोपऱ्यावर कोपरा येईल अशी रचा, कारण खोक्याची ताकद कोपऱ्यांत असते. विटांसारखी सांधेमोड केली की ती निम्म्यापर्यंत घटते. बांधायचाच असेल तर फक्त सगळ्यात वरचा थर बांधा. ९० टक्के आर्द्रतेत पुठ्ठ्याची ताकद तशीही निम्मी होते, म्हणून पावसाळ्यात सहापेक्षा जास्त थर नकोत. सुटी पुस्तकं दहा-दहाच्या गठ्ठ्यात पाठीची दिशा उलटसुलट करून रचा. न्यूजप्रिंटची रिळं उभी ठेवा, आडवी ठेवली तर लंबगोल होतात आणि मशीनवर हिसके देतात.

आग

‘स्प्रिंकलर नको, पुस्तकं भिजतील’ हे हमखास ऐकू येतं. स्प्रिंकलरची काचेची कुपी ज्या ठिकाणी तापते तिथलीच फुटते, सगळे एकदम सुटत नाहीत. ते नसले तर आग मोठी होईपर्यंत कुणाला कळत नाही आणि मग अग्निशमन दलाच्या पाण्याने अख्खं गोदाम भिजतं. मात्र कुपी निवडताना नाशिकचा उन्हाळा आठवा. ६८ अंशांची लाल कुपी छताखालचं तापमान ३८ अंशांच्या आत राहतं तिथलीच. पत्र्याखाली ७९ अंशांची पिवळी किंवा ९३ अंशांची हिरवी लागते. थप्पीचा माथा आणि स्प्रिंकलर यांत तीन फूट मोकळे ठेवा.

घट्ट रचलेली पुस्तकं सहज पेटत नाहीत. पेटतात ती सुटी वेष्टनं, कातरण आणि रिळाचे सुटलेले वरचे थर. उभ्या रिळांच्या उंच रांगेत हे थर सोलत जातात आणि आग चिमणीसारखी वर चढते, म्हणून रिळांचे पट्टे तुटू देऊ नका. दिवे वाटांवर, मालावर नाहीत. मुख्य स्विच बाहेर. फोर्कलिफ्टची बॅटरी साठ्याबाहेर चार्ज करा, चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. अग्निशामकापर्यंत १५ मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये. पावडरने ज्वाळा विझते, पण गठ्ठ्याच्या आतली धग राहते. तो गठ्ठा बाहेर काढून, उघडून, भिजवूनच सोडा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. विमा कंपनी दाव्याच्या वेळी ते मागते.

कीड-उंदरांबद्दल थोडक्यात : भिंतीभोवती तीन फुटांचा काँक्रीटचा पट्टा, त्यात झाडं नाहीत. दाराखाली पाव इंचापेक्षा जास्त फट नको, उंदराचं पिल्लू तेवढ्यातून जातं. कसर लागते ती दमट कोपऱ्यात आणि खळीच्या बाइंडिंगला. लिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या कपाटात ठीक, ५,००० फुटांत त्यांचा उपयोग नाही. चिकट सापळे लावून दर पंधरवड्याला कीड मोजा, आकडा वाढला तर आधी ओल शोधा.

भिजलंच तर

बुरशी धरायला ४८ तास लागतात, त्यामुळे पहिल्या दिवशी काय करायचं ते आधीच ठरलेलं असावं. वीज तोडा, आणि पुस्तकं उपसण्याआधी कोरडा माल बाहेर हलवा. पहिली पाळी आर्ट पेपरच्या पुस्तकांची : पानं एकमेकांना चिकटून वाळली की परत सुटत नाहीत. थोडी असतील तर उभी करून, पानं विलग करून पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. गरम हवेचा ब्लोअर लावू नका, पानं वेडीवाकडी होतात. शेकड्यांनी असतील तर गोठवणं हाच वेळ मिळवण्याचा मार्ग, उणे १८ अंश किंवा त्याखाली. पिंपळगाव-ओझर-दिंडोरी पट्ट्यात कोल्ड स्टोरेज भरपूर आहेत, पण द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज शून्याच्या आसपास चालतं. तिथे बुरशी मंदावते, थांबत नाही. चार दिवस मिळतात एवढंच. गोठवलेली फळं-भाज्या ठेवणाऱ्यांकडे खरा फ्रीझर असतो, त्यांच्याशी पावसाळ्याआधीच बोलून ठेवा. नेताना टोमॅटोचे कॅरेट उत्तम. पुस्तकं पाठ खाली करून, एकच थर, दोन पुस्तकांमध्ये पॉलिथिन, आणि कॅरेट पाऊणच भरायचं, कारण ओलं पुस्तक फुगतं आणि घट्ट भरलेल्या कॅरेटमधून पाठ फाटल्याशिवाय निघत नाही.